मज्जातंतुविकार आणि प्रतिपिंड-चाचणीचा अहवाल : एक विवेचन

प्रास्ताविक

पायाची बोटे बधिर होणे, तळव्यांची आग होणे, चालताना पायातली चप्पल केव्हा निसटली हे न कळणे, अशा तक्रारी असणाऱ्या रुग्णांना अलीकडे प्रतिपिंडांच्या रक्तचाचण्या वारंवार सांगितल्या जातात. पाचगणीसारख्या गावात रक्ताचा नमुना दिला, की तो मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल रुग्णाच्या मोबाइलवर येतो. मज्जातंतुतज्ज्ञाची भेट मात्र बहुधा पसरणीचा घाट उतरल्यावरच होते. मधल्या दिवसांत घरातील मंडळी तो अहवाल स्वतःच वाचतात, आणि पुष्कळदा ओळखीच्या एखाद्या प्राध्यापकाकडे तो घेऊन येतात. प्रस्तुत लेख त्या वाचनापुरता आहे. उपचार ठरविणे हा त्याचा विषय नाही.

प्रतिपिंडे मज्जातंतूंवर का उलटतात ?

प्रतिपिंडे ही जंतूंना ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिने होत. जंतूच्या पृष्ठभागावरील एखादी रचना आपल्याच शरीरातील रचनेसारखी असेल, तर ही ओळख फसते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बॅरे सिंड्रोम अर्थात जीबीएसची साथ उद्भवली. राज्यात दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. एरवी हा विकार लाखात वर्षाकाठी एक-दोघांनाच होतो. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. त्याच्या आवरणातील शर्करायुक्त मेद आणि मज्जातंतूंवरील जीएम-१ हे गँग्लिओसाइड यांतील साम्य जपानमधील नोबुहिरो युकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले होते. जुलाबाच्या जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे हातापायांच्या मज्जातंतूंवर जाऊन बसतात, ती या साम्यामुळे.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. जीबीएसचे निदान रुग्णाची झपाट्याने वाढणारी अशक्तता, लोप पावलेल्या प्रतिक्षिप्त क्रिया, पाठीतील पाण्याची तपासणी आणि मज्जातंतुवहन चाचणी यांवरून होते. प्रतिपिंडांचा अहवाल येईपर्यंत उपचार थांबविले जात नाहीत. इम्युनोग्लोब्युलिनचा उपयोग लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत अपेक्षित असतो. पुष्कळ जीबीएस रुग्णांत ही प्रतिपिंडे सापडतही नाहीत. डोळ्यांच्या हालचाली मंदावणाऱ्या मिलर-फिशर या उपप्रकारात मात्र जीक्यू-१बी विरोधी प्रतिपिंडे बहुसंख्य रुग्णांत आढळतात. चाचणी एकाच कुळातील असली, तरी दोन ठिकाणी तिचे वजन वेगळे पडते.

‘पॉझिटिव्ह’ म्हणजे किती ?

संख्याशास्त्राच्या अध्यापकांना परिचित असलेला मुद्दा येथे उपयोगी पडेल. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. मज्जातंतुविकाराच्या सरसकट १,००० रुग्णांपैकी १० जणांना एखादा दुर्मिळ प्रतिपिंडजन्य विकार आहे असे मानू. चाचणी त्यांतील ९ जणांना पकडते आणि उरलेल्या ९९० पैकी ५ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ५० जणांना, चुकून पॉझिटिव्ह ठरविते. पॉझिटिव्ह आलेल्या ५९ जणांत खरे रुग्ण ९, म्हणजे साधारण १५ टक्के. आता तज्ज्ञाने लक्षणे पाहून निवडलेला गट घ्या, ज्यात निम्म्यांना तो विकार आहे. ५०० पैकी ४५० पकडले जातील आणि २५ चुकीचे येतील. तीच चाचणी आता सुमारे ९५ टक्के विश्वासार्ह ठरते. प्रयोगशाळेत काहीच बदललेले नाही. बदलला तो चाचणीआधीचा संशय.

एकाच वेळी डझनभर प्रतिपिंडे तपासणाऱ्या ‘पॅनेल’बाबत तर अधिक सावध असावे. प्रत्येक चाचणी ५ टक्के निरोगी व्यक्तींत चुकत असेल आणि त्या परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर बारांपैकी निदान एक तरी चुकीची पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ४६ टक्के होते. लक्षणे न तपासता असे पॅनेल मागविणे प्रस्तुत लेखकास अयोग्य वाटते.

प्रमाणही पाहावे लागते. केंद्रकविरोधी प्रतिपिंडे अर्थात एएनए १:८० विरलनात निरोगी माणसांपैकी सुमारे १३ टक्क्यांत, तर १:१६० विरलनात सुमारे ५ टक्क्यांत आढळतात. मायलिनशी निगडित मॅग या प्रथिनाविरुद्धच्या चाचणीत प्रचलित पद्धतीनुसार १,००० एककांच्या वर पॉझिटिव्ह लिहिले जाते. पण १,००० ते ७,००० हा पट्टा संदिग्ध असून त्यापुढील आकड्यालाच खरा अर्थ येतो. तोही रुग्णाचा तोल जात असेल, बधिरपणा पावलांपासून वर चढत असेल आणि रक्तात आयजीएम वर्गाचे एकजिनसी प्रथिन वाढलेले असेल तर.

निगेटिव्ह अहवालाची मर्यादा

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. हातांची शक्ती हळूहळू कमी होणाऱ्या मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथीत जीएम-१ विरोधी प्रतिपिंडे सुमारे निम्म्याच रुग्णांत मिळतात. उरलेल्यांनाही इम्युनोग्लोब्युलिनचा गुण येतो. कुष्ठरोगात तर गंमत अशी, की भरपूर जंतू असलेल्या प्रकारात पीजीएल-१ विरोधी प्रतिपिंडे दिसतात, पण अल्पजंतू प्रकारात, जेथे मज्जातंतू ठळकपणे जाड होतात, तेथे ती बहुधा नसतात. कोपराशी जाड लागणारी शीर आणि संवेदना गेलेला चट्टा तेथे रक्तचाचणीपेक्षा अधिक सांगून जातो.

शिवाय आपल्याकडील बहुतांश मज्जातंतुविकारांत प्रतिपिंडांचा संबंधच नसतो. मधुमेह हे प्रमुख कारण. शाकाहार किंवा मेटफॉर्मिनचे दीर्घ सेवन यांतून येणारी बी-१२ ची उणीव हे दुसरे. आणि पाचगणीचे नाव ज्या क्षयरोगाशी बेल-एअरमुळे जोडले गेले, त्याच रोगावर १९५२ पासून वापरात असलेले आयसोनियाझिड बी-६ जीवनसत्त्वाच्या अभावी पायांची आग करते. ही कारणे तपासली गेली आहेत का, हा प्रश्न प्रतिपिंडांच्या अहवालाआधी विचारावा.

नमुन्याविषयी दोन बाबी

इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर घेतलेल्या रक्तात दात्यांची प्रतिपिंडे मिसळलेली असतात; त्यामुळे नमुना शक्यतो आधीच घ्यावा. दुसरी बाब बायोटिनची. ‘नसांच्या’ आणि केसांच्या अनेक गोळ्यांत हे जीवनसत्त्व असते आणि त्याची मोठी मात्रा काही यंत्रांवरील रक्तचाचण्यांचे आकडे बिघडविते. काही पद्धतींत बी-१२ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसून खरी उणीव झाकली जाऊ शकते. म्हणून रक्त देण्यापूर्वी घेत असलेल्या सर्व गोळ्यांची वेष्टने डॉक्टरांना दाखवावीत, आणि अहवालासोबत मधुमेह, बी-१२ व मज्जातंतुवहन चाचणीचे जुने कागदही घाट उतरताना बरोबर घ्यावेत.