गाजरगवताची ॲलर्जी : शरीरातील ‘ग्राही’ असतात तरी कोठे?

कुरुंदा परिसरात बांधावर, कालव्याच्या काठाने व पडीक जागेत वाढणारे गाजरगवत आपल्या परिचयाचे आहे. भारतात या तणाकडे प्रथम लक्ष गेले ते पुण्यात, १९५५-५६ च्या सुमारास. हे तण उपटताना एकाला काहीच होत नाही, तर दुसऱ्याला शिंकांवर शिंका येतात. असे का?

ज्यांना ॲलर्जी जडते त्यांच्या शरीरात गाजरगवताच्या परागकणांविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्ये तयार होतात. ‘मास्ट’ पेशींच्या पृष्ठभागावर ग्राही असतात. कुलपात किल्ली बसावी तशी आयजीई त्यांत बसते व कित्येक आठवडे टिकते. पराग पुन्हा आले की पेशीतून हिस्टामिन बाहेर पडते व काही मिनिटांत त्रास सुरू होतो.

हे ग्राही कोठे असतात?

१) नाक व डोळे : शिंका, पाणी गळणे, डोळे चुरचुरणे.
२) श्वासनलिका : खोकला, धाप, दमा.
३) त्वचा : खाज, गांधी उठणे.
४) आतड्याचे अस्तर : अन्नाच्या ॲलर्जीत पोटदुखी, उलटी.
५) रक्तवाहिन्यांभोवती सर्वत्र. रक्तातील ‘बेसोफिल’ पेशींवरही हेच ग्राही असतात.

थोडक्यात, बाहेरचे जग शरीराला जेथे भिडते, तेथे हे पहारेकरी अधिक असतात.

पापण्या, मान व कोपराच्या खोबणीत एक-दोन दिवसांनी उठणारे खाजरे चट्टे मात्र वेगळे. या तणातील पार्थेनिन द्रव्य त्वचेतील ‘टी’ पेशी आपल्या निराळ्या ग्राहींनी ओळखतात. त्यामुळे फुले नसलेले झाड किंवा त्याचा वाळलेला भुगाही बाधतो.

काय करावे?

• तण फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. एक झाड हजारो बिया देते.
• हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व नाकातोंडाला रुमाल वापरावा. काम संपताच अंघोळ करून कपडे धुवावेत.
• ॲलर्जी असलेल्यांनी उपटणीस जाऊ नये.
• पडीक जागेत तरोट्याचे बी टाकावे. पावसाळ्यात मेक्सिकन भुंगे सोडावेत.

चट्टे वाढल्यास डॉक्टरांना दाखवावे. धाप लागल्यास, ओठ-जीभ सुजल्यास किंवा चक्कर आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तातडीने दवाखान्यात न्यावे.