ट्रॉली कोणत्या वाहनामागे जोडावी ?

ज्येष्ठ वद्य अष्टमी जवळ येऊ लागली, की आळंदीच्या परिसरातील मोकळी शेते वाहनांनी भरून जातात. श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत पायी निघणाऱ्या दिंड्यांचे सामान या वाहनांतून पुढच्या मुक्कामी जाते. तंबू, राहुट्या, भांडी, धान्याची पोती, सरपणाऐवजी आता आलेली गॅसची टाकी आणि पिण्याचे पाणी, असा हा संसार असतो. काही दिंड्यांचा स्वतःचा ट्रक असतो, काही भाड्याने टेम्पो घेतात. ग्रामीण भागातून आलेल्या अनेक दिंड्या मात्र ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन येतात. घरचा ट्रॅक्टर, घरची ट्रॉली आणि घरचाच चालक, हा हिशेब सोपा असतो.

गेल्या ज्येष्ठात अशाच एका दिंडीच्या व्यवस्थापकांनी प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. ट्रॅक्टर फार सावकाश चालतो. मुक्कामाला पाणी पोहोचेपर्यंत वारकरी येऊन बसलेले असतात. तेव्हा ट्रॅक्टर विकून एखादी दणकट पिकअप गाडी घ्यावी आणि पाण्याचा टँकर तिच्यामागे जोडावा, असा त्यांचा विचार होता. “किती अश्वशक्तीची गाडी घ्यावी, तेवढे सांगा,” असे ते म्हणाले. प्रश्न साधा होता. परंतु त्याची सुरुवातच चुकीच्या टोकापासून झाली होती. ओढणारे वाहन निवडताना आपण बहुतेक सर्वजण हीच चूक करतो. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर चर्चा येथे करावयाची आहे.

माउलींचा रथ बैल ओढतात. रथाच्या बैलजोडीचा मान दरवर्षी आळंदीतील एखाद्या कुटुंबाकडे जातो, आणि त्या घरी बैलांच्या निवडीची तयारी बरीच आधीपासून सुरू होते. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटाचा चढ लागतो. तेथे रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चढाची अडचण अशा रीतीने सुटते, कारण ओढण्याचे बळ जोडीला जोडी लावून वाढविता येते. उताराचे तसे नाही. उतारावर भरलेल्या गाडीला ओढावे लागत नाही, तिला आवरावे लागते. जुना गाडीवान बैल पाहावयास गेला, की तो किती ओढतो हे तर विचारीच. पण गर्दीत बुजतो का, आणि ‘हो’ म्हटल्यावर थांबतो का, हेही पाहून घेई. यंत्राच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न आपण विसरलो आहोत.

आता पाण्याच्या टँकरचाच हिशेब मांडू. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरमध्ये पाच टन पाणी झाले. रिकाम्या टँकरचे वजन दीड टन आणि मध्यम आकाराच्या ट्रॅक्टरचे दोन टन मानले, तर रस्त्यावरून एकूण साडेआठ टन वजन चालले आहे. सपाट डांबरी रस्त्यावर हे वजन हलते ठेवण्यास वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे १७० किलो एवढी ओढ लागते. वीस फुटांना एक फूट असा चढ आला, तर त्यात आणखी ४२५ किलोंची भर पडते. जवळपास ६०० किलोंची ही ओढ ताशी १० किलोमीटर वेगाने द्यावयाची, तर चाकांपाशी सुमारे २२ अश्वशक्ती पुरते. ४० किंवा ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हे जड नाही. इंजिनाच्या ताकदीचा प्रश्न येथेच संपला.

परंतु इंजिनाची ताकद चाकांतून रस्त्याला मिळावयास हवी. ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांवर दीड टन भार आहे असे धरले, तर कोरड्या डांबरावर ती चाके सुमारे ९०० किलोंची पकड धरू शकतात. आषाढातील पावसाने रस्त्यावर चिखल आला, की ही पकड ४५० किलोंपर्यंत खाली येते. चढासाठी ६०० लागतात आणि पकड ४५० ची आहे. चाके जागीच फिरू लागतात. अशा वेळी अधिक अश्वशक्तीचे इंजिन असते तर चाके अधिक जोरात फिरली असती, एवढेच. म्हणूनच ट्रॅक्टरला लोखंडी वजने लावतात आणि मागील टायरमध्ये पाणी भरतात. वजनाने हलके पण अश्वशक्तीने भारी वाहन जाहिरातीत शोभून दिसते. ओढकामात त्याचा उपयोग बेताचाच.

तोच टँकर उतारावर आणू या. उतार ४२५ किलोंनी पुढे ढकलतो, रस्त्याचा विरोध १७० किलोंनी मागे धरतो. उरलेले २५५ किलो केवळ वेग वाढू नये म्हणून ब्रेकने सोसावयाचे असतात. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक मागील दोनच चाकांना असतात, आणि आपल्याकडील पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. कोरड्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने उतरणारी ही जोडी, ब्रेक पूर्ण लागल्यापासून सुमारे २१ मीटरवर थांबेल. चिखलाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर तिला जवळजवळ ७० मीटर लागतील. वेग ताशी ३० झाला, तर हेच अंतर १५० मीटरच्या पलीकडे जाते. पुढे टाळकरी चालले आहेत, त्यांच्यात म्हातारी माणसे आहेत, हे डोळ्यांपुढे आणून हे आकडे वाचावेत.

टँकरच्या चाकांना स्वतःचे चांगले ब्रेक असतील, तर त्याच निसरड्या उतारावर हे अंतर दहा मीटरच्या आत येते. कारण उघड आहे. साडेसहा टन वजन टँकरच्या चाकांवर आहे. खरी पकडही तेथेच आहे. ज्याच्यावर भार आहे त्यालाच थांबविता येत नसेल, तर पुढच्या वाहनाने एकट्याने काय करावे ?

दिवे घाटाचे नाव वर घेतले ते केवळ उदाहरणासाठी नव्हे. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी कार्तिकी वारीसाठी पंढरपूरहून आळंदीस येणाऱ्या संत नामदेव महाराजांच्या पालखी सोहळ्यात, याच घाटात माती उकरणारे एक अवजड यंत्र शिरले. त्यात दोन वारकऱ्यांचा मृत्यू झाला आणि अनेकजण जखमी झाले. यंत्राचे ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हाचे वृत्त होते. आषाढीला जाताना हा घाट चढणीचा असतो. येताना तो उतरणीचा होतो. वाहन निवडताना जाण्याइतकाच येण्याचाही विचार करावा लागतो.

आता पिकअपकडे वळू. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा वाहनांचेच माहेर आहे. आकुर्डीच्या कारखान्याने तीनचाकी ‘टेम्पो’ घरोघर पोहोचविला आणि एका जर्मन कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. पिंपरीत टाटांचा, चाकणला महिंद्रचा कारखाना उभा राहिला. येथील माणसाला वाहनांची पारख उपजतच असावी, असा बाहेरच्यांचा समज असतो. तो नेहमीच खरा ठरतो असे नाही. आपल्याकडील पिकअप ही मुख्यतः पाठीवर माल वाहण्यासाठी बनविलेली असते. एक ते पावणेदोन टनांपर्यंत माल तिच्या हौद्यात टाकावा, यासाठी तिचे पाटे, टायर आणि ब्रेक असतात. मागे साडेसहा टनांचा टँकर जोडला, तर सुमारे तीन टनांचे एकूण वजन थांबविण्यासाठी बनविलेल्या ब्रेकवर आठ टनांहून अधिक वजन येते. शिवाय ती ट्रॅक्टरपेक्षा दुप्पट वेगाने धावणार, आणि वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. व्यवस्थापकांना जो वेग हवा होता, तोच या बेतातील सर्वांत धोक्याचा भाग होता.

अमेरिकेत पिकअपमागे मोठे ट्रेलर सर्रास जोडतात, हे चित्रपटांतून आपण पाहतो. परंतु तेथील मोठ्या पिकअपची सांगाडा-चौकट त्या हिशेबाने बनविलेली असते. किती वजन ओढता येईल याचा आकडा जाहीर करण्यासाठी तेथे एक मान्य कसोटी आहे. अ‍ॅरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, ऐन उन्हाळ्यासारख्या तापमानात आणि वातानुकूलन यंत्र पूर्ण चालू ठेवून, ठरावीक वेग न सोडता चढून दाखवावा लागतो. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेकही असतात. तेथील अनेक राज्यांत सुमारे १,३६० किलोंपेक्षा, आणि युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला ते बंधनकारक आहेत. पुढची गाडी तेवढी आपण पाहतो. मागच्या ट्रेलरचे ब्रेक पडद्यावर दिसत नाहीत.

चाकणच्या रस्त्यांवर नव्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर दिसतात, त्यांची रचना निराळी आहे. तेथे ट्रेलरच्या पुढच्या भागाचे वजन ओढणाऱ्या ‘हॉर्स’च्या पाठीवर टेकलेले असते. त्यामुळे त्याच्या चाकांना पकड मिळते. ट्रेलरच्या चाकांनाही हवेचे ब्रेक असतात, आणि हवेची नळी तुटली तर ते आपोआप लागतात.

भार कोठे टेकतो, हे ज्ञान आपल्या बैलगाडीवाल्यांना कोणी शिकवावे लागले नाही. मागे जास्त भरलेली गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरली तर सारा भार बैलांच्या खांद्यावर येतो. दोन चाकी ट्रॉलीचे अगदी असेच आहे. ती उलाळ झाली तर ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होऊन पकड जाते. पिकअपमागे ती डावी-उजवीकडे डोलू लागते. हुकावर फार भार आला, तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकेनासे होते. दोन चाकी ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर यावा, असा पिकअपच्या बाबतीत साधारण दंडक आहे. हा भार पिकअपच्या मालवहन क्षमतेतून वजा करावयाचा असतो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते. हूक किंवा पिन नेहमी कारखान्याने दिलेल्या जागीच असावी. ओढ चांगली मिळावी म्हणून ती वर जोडली, तर चढावर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटू शकतो.

पाण्याच्या टँकरची आणखी एक खोड आहे. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा अधिक दगा देतो. ब्रेक लावताच पाणी पुढे धावून धक्का देते आणि वळणावर ते एका अंगाला जाते. आत आडवे पडदे बसविलेले आहेत की नाहीत, हे टँकर घेतानाच झाकण उघडून पाहावे. उतारावर ट्रॅक्टरचे ब्रेक अचानक लावले आणि मागून टँकरने ढकलले, तर दोन्ही अडकित्त्यासारखी मिटतात. ट्रॅक्टरचे डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात वळताना ती सोय असते, परंतु रस्त्यावर दोन्ही पायट्या खिटीने एकत्र जोडल्याच पाहिजेत. एकच ब्रेक लागला, की ट्रॅक्टर जागीच फिरतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारे महाभाग अजूनही भेटतात. ज्या गिअरमध्ये तो घाट चढता आला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

खरेदीस निघालेल्याने प्रथम कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : भरलेल्या ट्रॉलीचे वजनकाट्यावर केलेले वजन, वाटेतला सर्वांत अवघड उतार, आणि ट्रॉलीला ब्रेक आहेत की नाहीत. ब्रेक नसतील तर ट्रॉलीचे भरलेले वजन ओढणाऱ्या वाहनाच्या वजनाहून अधिक असू नये, असे आमचे मत आहे. हे मत अनेकांना जाचक वाटेल, उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जोडणाऱ्यांना तर हास्यास्पदच वाटेल. पण वरील आकडे त्यांनीही एकदा पडताळून पाहावेत. ट्रॅक्टर घेताना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र शासनाच्या संस्थेचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा. त्यात इंजिनाच्या अश्वशक्तीखेरीज प्रत्यक्ष ओढीची शक्तीही दिलेली असते, आणि आपल्या कामाचा आकडा तोच होय. पिकअप घेताना तिच्यामागे ट्रेलर जोडण्यास उत्पादकाची मान्यता आहे काय आणि किती वजनापर्यंत, हे लेखी घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी हमीला घाटात किंमत नसते.

कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे. तिची नोंदणी आणि विमा वेगळा असावा लागतो. शेतीसाठी नोंदविलेला ट्रॅक्टर भाड्याच्या वाहतुकीस वापरला, तर विम्याचा दावा नाकारला जाण्याचा संभव असतो. मालाच्या ट्रॉलीत माणसे बसविणे नियमबाह्य आहे, मग ती दमलेली वारकरी मंडळी का असेनात. चालकाच्या परवान्याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्यास ७,५०० किलोंपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालविता येते, असे त्यात म्हटले आहे. ट्रॉलीसह वजन त्यापलीकडे जात असेल, तर पिंपरी-चिंचवडच्या किंवा आपल्या भागातील परिवहन कार्यालयात आधीच विचारणा करावी.

दिंडीच्या व्यवस्थापकांना हा सारा हिशेब एका पाठकोऱ्या कागदावर करून दाखविला. त्यांनी तो दोनदा तपासला. पिकअपचा विचार त्यांनी सोडला नाही; परंतु ती टँकर ओढण्यासाठी घ्यावयाची नाही असे ठरले. एक हजार लिटरची टाकी तिच्या हौद्यात ठेवून पहिले पाणी वारकऱ्यांच्या आधी पोहोचवावयाचे, आणि मोठा टँकर ट्रॅक्टरमागे सावकाश यावयाचा. टँकरला ब्रेक बसविण्यासाठी तो मोशीतील एका फॅब्रिकेटरकडे दिला आहे. परतीच्या प्रवासात तो घाटमाथ्यावरच रिता करावयाचा, हेही त्यांनी आपल्या वहीत लिहून घेतले.