गुडघ्याचं दुखणं आणि गरम पाणी

सोनई गावच्या उसाच्या शिवारात उमेदीची वर्षं उकिडवं बसून खुरपणी करण्यात गेलेल्या बायकांचे गुडघे साठीच्या आत-बाहेर बोलू लागतात. मांडी घालणं सुटतं, जिना चढताना कळ येते. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, सांध्याचं अस्तर सुजतं आणि दुखण्याच्या भीतीने हालचाल घटली की मांडीचे स्नायूही उतरतात. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात तो हाच. निरगुडीच्या पाल्याचा शेक हा त्यावरचा घरोघरचा उपाय. सोनईच्या परिसरात गरम पाण्याचं कुंड नाही, पण वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे अशी नावं ऐकून माणसं सांधे शेकायला कोकण गाठतात.

या झऱ्यांखाली ज्वालामुखी धगधगत नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वाटेत क्षार विरघळवून वर येतं. त्या क्षारांना आणि गंधकाच्या वासालाच लोक गुणाचं श्रेय देतात.

प्रत्यक्षात बरंचसं काम साधं गरम पाणीच करतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यांवरचा शरीराचा भार साधारण निम्म्यावर येतो, छातीएवढ्या पाण्यात त्याहून कमी. म्हणून जमिनीवर पाऊल टाकताना कण्हणारी व्यक्ती पाण्यात सहज चालते. पाण्याचा दाब पायांतलं रक्त आणि साचलेला द्रव वर ढकलतो. पायांची सूज ओसरते, लघवीही जास्त होते. उबेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैलावतात.

वेदनेचं गणित मज्जारज्जूत सुटतं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार त्वचेवरून येणाऱ्या स्पर्शासारख्या संवेदना वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच अडवू शकतात. पाण्यात बुडालेल्या अंगाकडून ऊब, दाब आणि स्पर्श यांचे संदेश एकदमच निघतात.

गरम पाण्याचा उपचार तसा जुना. चरकसंहितेतल्या स्वेदनाच्या, म्हणजे घाम आणण्याच्या, 13 प्रकारांत औषधी काढ्यात बसवण्याचा अवगाह आहेच. आधुनिक कसोटी फ्रान्समध्ये लागली. एक्स-ले-बँ, बालारुक आणि दाक्स इथे गुडघेदुखीच्या 450हून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्यांना घरी करायचे व्यायाम दिले होते. निम्म्यांना त्याखेरीज तीन आठवड्यांत 18 दिवस पाण्याचे फवारे, मालीश, चिखलाचे लेप आणि कुंडातला व्यायाम असे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी या गटातल्या सुमारे 51 टक्के रुग्णांना जाणवण्याइतका आराम होता, नुसता व्यायाम करणाऱ्यांत सुमारे 36 टक्क्यांना. जीवनमानाच्या मोजमापात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. शिवाय कोण कुंडात उतरलं हे रुग्णांना ठाऊकच होतं, त्यामुळे अपेक्षेचा वाटा वेगळा काढता येत नाही.

हंगेरीतल्या संशोधकांनी त्यावर तोड काढली. नळाच्या पाण्याला झऱ्याच्या पाण्यासारखा रंग आणि वास देऊन त्यांनी दोन्हींची तुलना केली. अशा काही चाचण्यांत खनिजयुक्त पाणी थोडं सरस ठरलं. झिजलेली कूर्चा मात्र कोणत्याच पाण्याने परत येत नाही.

घरी शेक घेणाऱ्यांनी पाणी कोमट ते सोसवेल इतकंच गरम ठेवावं आणि शेकानंतर सैलावलेल्या स्नायूंना मांडीचे व्यायाम द्यावेत. मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल तर चटका कळत नाही, तेव्हा पाण्याचा अंदाज दुसऱ्याच्या हाताने घ्यावा. हृदयविकार असलेल्यांनी कुंडात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. सांधा लाल होऊन अचानक सुजला आणि ताप आला, तर शेक थांबवून दवाखाना गाठावा.