पेठेचा कौल आणि संकुलाचे फाटक

पेशवाईत पुण्याला नवी पेठ वसवायची म्हणजे नुसती जमीन आखून देण्याचा मामला नसे. शेटे-महाजनांना कौल मिळे, उदमी आणि कारागीर यांना करांत काही वर्षे माफी मिळे, आणि बाजाराचा रस्ता हा त्या वस्तीचा कणा ठरे. १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, पुढे १७५० च्या सुमारास नानासाहेबांनी कात्रजचे पाणी नळाने गावात आणले, आणि कसब्याभोवती एकामागून एक पेठा उभ्या राहिल्या, त्या काळात रस्ते, गल्ल्या आणि घरे यांविषयीचे तंटे तोडणे, बाजारभाव ठरविणे, गावात येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद ठेवणे, ही सारी कामे एकट्या कोतवालाकडे असत. त्या कोतवालीचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. १७९१ साली घाशीराम कोतवालाचे काय झाले ते पुणेकरांना सांगावयास नको. परंतु घर आणि रस्ता यांचा विचार त्या काळी एकाच दप्तरात होत असे, एवढे मात्र खरे.

आज २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठे बांधकाम योजिले, तर केंद्र शासनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी घ्यावी लागते, आणि अर्जासोबत वाहतुकीवरील परिणामाचाही खुलासा करावा लागतो. त्याची रीत ठरलेली आहे: संकुलाच्या नियोजित फाटकालगतच्या रस्त्यावर वाहने मोजायची, त्यांत नव्या सदनिकांतून निघणाऱ्या वाहनांची भर घालायची, आणि आलेल्या बेरजेला रस्त्याच्या क्षमतेने भागायचे. या गणितात शहरी रस्त्यांसाठी रूढ असलेल्या कोष्टकाप्रमाणे दुचाकी म्हणजे अर्धी ते पाऊण मोटार, रिक्षा म्हणजे सव्वा ते दोन मोटारी, आणि बस म्हणजे सव्वादोन ते पावणेचार मोटारी असा भाव लावलेला असतो. म्हणजे एकेकटा इसम बसलेल्या तीन मोटारी आणि पन्नास उतारूंनी खचाखच भरलेली बस यांचा रस्त्यावरील बोजा जवळजवळ सारखा! बसमधली पन्नास माणसे या कोष्टकात कोठेच उमटत नाहीत. ते वाहनांचे कोष्टक आहे, त्याला दोष कसा द्यावा? पण खरी मेख याहून पुढे आहे. शेजारच्या जमिनीवर दुसरे संकुल येते, त्याची मिसल वेगळी. पलीकडे तिसरे येते, त्याचीही वेगळी. आणि प्रत्येकाने आपल्या फाटकापुरता हिशेब चोख दिलेला असला, तरी त्या सर्व हिशेबांची एकत्र बेरीज करण्याची जोखीम कोणत्याही एका बिल्डरावर नसते.

ती बेरीज अखेर रस्त्यावरच होते, आणि तिचा मोठा हिस्सा जुन्या गावाच्या माथी येतो. आंबेगावात किंवा बाणेरात बिऱ्हाड थाटलेले कुटुंब निजायला तिकडे जाते; लग्नाचा बस्ता मात्र लक्ष्मी रस्त्यावर बांधते, भांडी तुळशीबागेत घेते, आणि नळाची तोटी बदलायची झाली तरी बोहरी आळी गाठते. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता, एक स्वारगेटकडे जाणारा आणि दुसरा शनिवारवाड्याकडे येणारा, असे दोन्ही एकेरी करूनही हा ओघ मावत नाही. शहराला वळसा घालणारा सुमारे ३६ किलोमीटरांचा उच्चक्षमता वर्तुळमार्ग १९८७ च्या विकास आराखड्यात रेखाटला गेला होता. तो अद्याप कागदावरच आहे. मध्यंतरी २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे महापालिकेच्या हद्दीत आली (त्यांतली दोन मागाहून वगळली गेली). आणि यांतल्या कित्येक गावांत बैलगाडीच्या बेताने पडलेल्या वाटांवर बहुमजली इमारती आधी आल्या, हद्द मागाहून आली. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरुंगाने पाडून तेथे १२ ऑगस्ट २०२३ रोजी नवे उड्डाणपूल खुले झाले, तेव्हा त्या ठिकाणचा गळफास सुटला खरा. पण चौक सोडवला की कोंडी पुढच्या सिग्नलावर जाऊन बसते, हा अनुभव कोथरूडच्या रहिवाशाला कोणी शिकवावा लागत नाही.

आणि पेठांच्या आत तरी काय चालले आहे? वाडा पडतो, इमारत चढते. रस्तारुंदीच्या रेषेप्रमाणे नवी इमारत चार-सहा हात मागे सरकते, शेजारचा भाडेकरूंच्या तंट्यात अडकलेला वाडा मात्र जुन्या जागीच पाय रोवून उभा राहतो, आणि रस्त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी होते; त्या दात्यांच्या खाचांत दुचाकी लागतात, म्हणजे सोडलेली जागा रहदारीच्या कामी येतच नाही. सदाशिव पेठेतल्या माझ्या एका स्नेह्याचा वाडा असाच गेला. जेथे आड होता आणि आडाशेजारी प्राजक्त होता, तेथे आता गाड्यांचा दुमजली लोखंडी पाळणा आहे. वरची मोटार उतरवायची तर खालची आधी बाहेर काढावी लागते, आणि खालच्या मोटारीचे धनी कामानिमित्त महिन्यातले पंधरा दिवस परगावी असतात. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या पोटातून मेट्रो धावू लागली आहे. तिचे स्थानक या घरापासून चालत जाण्याजोगे आहे. स्नेही हल्ली पिशवी घेऊन पायीच मंडईत जातात, आणि आपल्या वरच्या मोटारीची बॅटरी उतरू नये म्हणून, खालचे गृहस्थ गावात असले की, दर रविवारी ती काढून पेठेला एक फेरी मारून पुन्हा पाळण्यात चढवतात.