बत्तिसावा तुकडा

नववीच्या वर्गात वर्षातून एक तास मी पुस्तक मिटून ठेवते. प्रत्येकाने वहीत पानभर वर्तुळ काढायचं, परिघावर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू उरलेल्या सगळ्यांशी जोडायचा आणि वर्तुळाचे किती तुकडे झाले ते मोजायचं. एकच बिंदू असेल तर जोडायला दुसरा नाही, म्हणून तुकडा एक. दोन बिंदूंना दोन, तिनांना चार, चारांना आठ, पाचांना सोळा. इथवर येईपर्यंत मोजणं कधीच सुटलेलं असतं. मागच्या बाकांवरून "दुप्पट, बाई, दुप्पट!" असा गलका होतो आणि सहावा बिंदू काढण्याआधीच वह्यांत ३२ लिहून झालेले असतात.

मग मी म्हणते, आता काढा आणि मोजा.

वर्ग शांत होतो. सहा बिंदूंना पंधरा रेघा लागतात. पट्टी पंधरा वेळा फिरते, मधोमध गर्दी होते, काही तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे उरतात. मुलं प्रत्येक तुकड्यात बारीक आकडा घालत जातात. ३१ येतात. खोडून पुन्हा मोजलं तरी ३१. गेल्या वर्षी एका मुलाने ३२ दाखवले. जवळ जाऊन पाहिलं, तर त्याने एकाच तुकड्यात २३ आणि २४ असे दोन आकडे लिहिले होते. ती लबाडी नव्हती. ३२ येणारच, अशी त्याची इतकी खात्री होती की डोळ्यांना एक तुकडा जास्त दिसला. खिडकीजवळच्या मुलीचे मात्र तीसच भरले. तिने कंपासमध्ये त्रिज्येएवढं अंतर धरून सहा बिंदू अगदी नेमक्या सारख्या अंतरावर घेतले होते, त्यामुळे समोरासमोरच्या बिंदूंना जोडणाऱ्या तिन्ही रेघा केंद्रातच भेटत होत्या. एक बिंदू जरासा सरकवायला सांगितला. केंद्रापाशी इवलासा त्रिकोण उघडला आणि तिचेही ३१ झाले.

पण ३१ तरी बरोबर कशावरून? पुष्कळ वह्यांत आले म्हणून? सगळ्या वर्गाचं एकच उत्तर एकाच वेळी चुकलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

फळ्यावर मी पुन्हा वर्तुळ काढते आणि सांगते, आकडे विसरा, खडूकडे बघा. नवी रेघ अगदी सावकाश ओढायची. खडू एका बिंदूतून निघाला. वाटेत जुनी रेघ लागली, ती ओलांडताक्षणी मागचा तुकडा चिरून पूर्ण झाला. आणखी एक रेघ ओलांडली, आणखी एक तुकडा. शेवटी परिघाला टेकला, तेव्हा शेवटचा चिरला. म्हणजे एका रेघेने जितके छेद घेतले, त्याहून एक जास्त तुकडा वाढला. हे कोणाला पटवावं लागत नाही, सगळ्यांना समोर दिसतं. मग हिशोब असा राहतो: सुरुवातीचा एक तुकडा, अधिक रेघांची संख्या, अधिक छेदनबिंदूंची संख्या. रेघा १५. छेदनबिंदू किती? एका छेदात दोन रेघा, त्यांची टोकं चार. उलट, परिघावरचे कोणतेही चार बिंदू निवडले की त्यांच्यात आत एकच छेद मिळतो. सहांतून चार निवडण्याच्या रीती १५. एक अधिक पंधरा अधिक पंधरा, ३१. एका ठिकाणी तीन रेघा भेटू द्यायच्या नाहीत, एवढीच अट.

मला सांगायचं आहे ते इथे आहे. दुप्पट होणार ही अटकळ होती, आणि खडूकडे बघून जे कळलं तीही आधी नजरेलाच कळलेली गोष्ट होती. पहिल्या वेळी आपण आकड्यांच्या रांगेकडे बघत होतो, दुसऱ्या वेळी तुकडा जन्माला येताना पाहिला. त्या पाहण्याला कुठेही फट न ठेवता मांडणं म्हणजे सिद्धता. आपली मुलं पक्ष, साध्य, सिद्धता हे मथळे आखून कारणांचा रकाना पाठ करतात आणि त्या रकान्यामागे कोणीतरी आधी काही पाहिलं होतं, हे त्यांना कळतच नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पाचच उदाहरणांवर भरवसा ठेवला म्हणून मुलांना हसू नये. जॉर्ज पोल्या यांनी १९१९ साली असा तर्क मांडला होता की एकपासून मोजत दोन किंवा त्यापुढच्या कोणत्याही संख्येपर्यंत जा, तिथवरच्या निदान निम्म्या संख्यांना मूळ अवयव विषम संख्येने असतात. बारा म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन, अवयव तीन, असं मोजायचं. तर्क कुठेतरी मोडतोच, हे १९५८ मध्ये सिद्ध झालं. पहिल्यांदा तो मोडतो ती जागा १९८० मध्ये सापडली: ९०,६१,५०,२५७. तिथवर एकही अपवाद नाही.

दर वेळी मोजणं अपुरं पडतं असंही नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ ही संख्या दाखवली. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. चार अंकी संख्या मोजक्याच, त्यामुळे सगळ्या तपासल्या की सिद्धता झाली. वर्तुळावरच्या बिंदूंना मात्र अंत नाही.

तासाच्या शेवटी कोणीतरी विचारतंच, "मग पाचपर्यंत दुप्पट का झालं, बाई?" तेव्हा मी फळ्यावर मेरुप्रस्तार काढते, ज्यात प्रत्येक संख्या तिच्या वरच्या दोघींची बेरीज असते. त्यातली ही ओळ: १, ५, १०, १०, ५, १. आपले पहिले १५ म्हणजे ५ आणि १०, दुसरे १५ म्हणजे १० आणि ५. सुरुवातीचा १ धरून ओळीतल्या पहिल्या पाच संख्या झाल्या. पूर्ण ओळीची बेरीज ३२ आहे. पाच बिंदूंपर्यंत अख्खी ओळ हाती येते, सहाव्याला शेवटचा १ बाहेर राहतो. मुलं शोधत होती तो तुकडा तोच.

दहा बिंदू घेतले तर तुकडे २५६ होतात, म्हणजे पुन्हा दोनाचा घात. का, ते मेरूच्या दहाव्या ओळीत आहे. ती ओळ कागदावर मांडून बघा.