लेखकाचं अध्यासन (लेखांक 6)

जर्मन साहित्य विद्यापीठाच्या वर्गात कसं शिकवलं जातं ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज वर्गाबाहेरच्या, शहरासाठी खुल्या असलेल्या व्याख्यानांकडे वळू. फ्रँकफर्टच्या ग्योथे विद्यापीठात ही व्याख्यानं होतात. त्यांना तिकीट नसतं, आणि विद्यार्थ्यांच्या शेजारी गावातले वाचकही येऊन बसतात. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचे श्रोते या दृश्याला सरावलेले आहेत. फ्रँकफर्टला मात्र बोलावणं असतं ते कथा-कविता लिहिणाऱ्यांना, आणि विषय असतो त्यांचं स्वतःचं लिहिणं. या मालिकेचं नाव ‘पोएटिक-फोरलेझुंगन’, म्हणजे काव्यशास्त्रावरची व्याख्यानं.

सुरुवात 1959 सालची. एस. फिशर या प्रकाशनसंस्थेनं पैसा दिला, विद्यापीठानं अतिथी-अध्यासन निर्माण केलं आणि पहिलं आमंत्रण इंगबोर्ग बाखमान या ऑस्ट्रियन कवयित्रीला गेलं. तेव्हा ती 33 वर्षांची होती. दोन कवितासंग्रहांनी तिचं नाव झालं होतं, व्हिएन्नात तत्त्वज्ञानातली डॉक्टरेटही तिनं मिळवली होती. त्या हिवाळी सत्रात तिनं पाच व्याख्यानं दिली. लिहायचं तरी कशासाठी, या प्रश्नापासून ती निघाली. मग ‘मी’ म्हणून लिहिणारा तो नेमका कोण, हे प्रूस्त, स्वेवो, बेकेटच्या आधारे तपासलं. एक अख्खं व्याख्यान पात्रांच्या नावांवर होतं: काफ्काच्या नायकाला नुसतं एक अक्षर का उरतं, फॉकनरच्या एकाच कादंबरीत दोन माणसांना एकच नाव का. मला ही निवड फार मोलाची वाटते. सिद्धान्ताचे इमले न बांधता, लिहिताना हाताला जे अडतं तिथूनच ती बोलत होती. तिचा आग्रह एकच होता: विचार नवा नसेल, त्यामागे नैतिक रेटा नसेल, तर भाषा नुसती सजवून नवी होत नाही.

हा आग्रह फ्रँकफर्टमध्ये धरला गेला, याला अर्थ आहे. आउशवित्झनंतर कविता लिहिणं रानटीपणाचं आहे, असं ज्यांनी लिहिलं होतं ते तत्त्वज्ञ आडोर्नो याच विद्यापीठात शिकवत होते. याच शहरात 1963 ते 1965 या काळात आउशवित्झच्या रक्षकांवर आणि अधिकाऱ्यांवर खटला चालला. ज्या भाषेत हुकूम सुटले त्याच भाषेत गोष्ट सांगायची, तर ती कशी, हा इथे चार भिंतींतल्या चर्चासत्राचा प्रश्न राहूच शकत नव्हता.

1968च्या विद्यार्थी आंदोलनाच्या काळात मालिका थांबली. 1979 साली झुरकाम्प प्रकाशनाच्या मदतीनं ती पुन्हा सुरू झाली, कादंबरीकार ऊवे जॉन्सन यांच्यापासून.

माझ्या मते या व्यासपीठाचं सर्वांत धाडसी पर्व आलं 1982च्या मे महिन्यात. पूर्व जर्मनीच्या ख्रिस्टा वोल्फ पश्चिमेत बोलायला आल्या. व्याख्यानाचा नेहमीचा साचाच त्यांनी मोडला. पहिली दोन व्याख्यानं म्हणजे ग्रीसच्या प्रवासाचं वर्णन, तिसरं कामाची रोजनिशी, चौथं एक पत्र. आणि पाचवं? ती थेट ‘कासांड्रा’ ही दीर्घकथाच होती. खरं भाकीत करणाऱ्या, पण कुणीच विश्वास न ठेवलेल्या त्या ट्रॉयच्या राजकन्येपर्यंत लेखिका कशी पोचली, हे श्रोत्यांनी पायरी-पायरीनं ऐकलं आणि शेवटी खुद्द तिचा आवाज ऐकला. दोन्ही जर्मनींत अण्वस्त्रं सज्ज होत होती; ट्रॉयचं युद्ध तेव्हा कुणालाच दूरचं वाटलं नसणार.

पुढच्या वर्षी ही व्याख्यानं दोन्ही देशांत छापली गेली. पूर्वेकडच्या आवृत्तीत तिसऱ्या व्याख्यानातले शस्त्रास्त्रांविषयीचे काही भाग गाळले गेले. पण गाळलेल्या जागी टिंबं छापलेली होती. आपल्यापासून काहीतरी लपवलंय, एवढं वाचकाला त्या टिंबांनी सांगितलं.

1990च्या फेब्रुवारीत, बर्लिनची भिंत पडल्याला चार महिनेही झाले नसताना, कादंबरीकार ग्युंटर ग्रास इथे उभे राहिले. आउशवित्झनंतरचं लेखन हा त्यांचा विषय होता. आयुष्यभराच्या लिखाणाचा हिशेब मांडता मांडता ते एकीकरणावर आले आणि एकसंध, बलाढ्य जर्मनीला त्यांनी त्याच आउशवित्झच्या आठवणीनं विरोध केला. देश उत्सवाच्या भरात असताना हे बोलणं सोपं नव्हतं. त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, पण साहित्याबद्दल बोलताना इतिहासाला बाहेर ठेवता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

आता विद्यापीठाचा मानव्यविद्यांचा परिसर वेस्टएंडमध्ये आहे. त्याची मुख्य इमारत एके काळी ई.गे. फार्बन या रसायन-उद्योगाचं मुख्यालय होती. आउशवित्झजवळ मोनोविट्झला कैद्यांच्या श्रमावर कारखाना उभारणारी हीच कंपनी. 2001पासून तिथे विद्यार्थी शिकतात. याच परिसरात आज ही व्याख्यानं होतात, आणि शेवटचं वाचन शहरातल्या साहित्यगृहात, लिटराटूरहाउसमध्ये, होतं.

पुढच्या आठवड्यात झ्युरिकला जाऊ. तिथे 1997 साली वि. गे. झेबाल्ड यांनी जर्मन शहरांवरच्या बाँबहल्ल्यांविषयी जर्मन लेखक गप्प का राहिले, हा प्रश्न जाहीर व्याख्यानांतून विचारला होता.