ओढणारी बोट

मालवणच्या दक्षिणेला, देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथल्या वाळूच्या बेटाला लोक त्सुनामी आयलंड म्हणतात. पर्यटनाच्या हंगामात त्याच्या भोवतीचं पाणी फायबरच्या छोट्या बोटी दिवसभर घुसळत असतात. एखादी केळ्याच्या आकाराचा पिवळा फुगा ओढते, एखादी बंपर म्हणजे हवा भरलेली रुंद ट्यूब. किनाऱ्यावरच्या माणसांचं लक्ष ट्यूबवर किंचाळणाऱ्या पोरांकडे असतं. माझं लक्ष बोटीच्या मागच्या फळीकडे जातं. दोर कुठे बांधलाय, इंजिन वळलं तर तो मोकळा राहतोय का, आणि बोटीत मागे तोंड करून कुणी बसलंय का? एवढं पाहिलं की बोट या कामासाठी तयार केली आहे की मासेमारीच्या होडीला नुसता दोर बांधलाय, ते कळतं.

माणूस ओढायचा म्हटलं की आधी विचारतात, इंजिन किती अश्वशक्तीचं? या प्रश्नाचं उत्तर लवकर संपतं. चौदा ते सोळा फुटांची हलकी बोट आणि 40 ते 50 अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन असलं की पाण्यावर स्की करणारा एक स्कीअर किंवा ट्यूबवरची दोन माणसं चांगली ओढता येतात. बोटीत गर्दी मात्र नको. पुढचं सगळं काम मांडणीचं. आणि ती मांडणी करायची ती दोन प्रसंगांसाठी: माणूस पाण्यातून वर उठतो तेव्हा, आणि तो पडतो तेव्हा.

छोटी बोट हळू जात असते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की तळाखालचं पाणीच तिला उचलतं आणि ती पाण्यावरून घसरत धावू लागते. या दोन्हींच्या मधला टप्पा सगळ्यात जड. नाळ वर जाते, मागचा भाग बसतो, चालवणाऱ्याला समोरचं दिसेनासं होतं आणि इंजिन गुरगुरत राहतं. नेमका तेव्हाच स्कीअर गुडघे छातीशी घेऊन, स्कीची टोकं पाण्याबाहेर काढून दोराला धरून बसलेला असतो, आणि भोवतालचं पाणी त्याला सोडत नसतं. बोटीला स्वतः उठायचं असतं आणि त्याच वेळी मागच्यालाही उठवायचं असतं. एकदा उभा राहिलेला स्कीअर त्या मानानं हलका असतो.

मिसिसिपी नदी मिनेसोटात जिथे रुंद होते त्या लेक पेपिनवर 1922 साली राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला हाच टप्पा आडवा आला होता. आधी त्यानं पिंपाच्या फळ्या पायाला बांधल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही वेळा तो बुडाला. मग त्यानं आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा पाइनच्या फळ्या घेतल्या, टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली, पावलांसाठी चामड्याचे पट्टे लावले. दोर म्हणून वर-खाली सरकणाऱ्या खिडकीची दोरी घेतली, सुमारे शंभर फूट. बोट भाऊ चालवत होता. 2 जुलैला त्यानं मागे रेलून टोकं पाण्याच्या वर धरली आणि तो उभा राहिला. बोट मंद असल्यानं फळ्या एवढ्या मोठ्या लागल्या, कारण वेग कमी असला की तेवढंच वजन तोलायला जास्त रुंदी लागते. नवशिक्याला आजही रुंद स्कीची जोडी देतात ती याचसाठी. सॅम्युएलसननं पेटंट घेतलं नाही. ते 1925 साली फ्रेड वॉलरनं घेतलं. पुढे सिनेरामा हा भव्य पडद्याचा प्रकार काढणारा तो हाच वॉलर. सॅम्युएलसनचा पहिलेपणाचा मान अमेरिकेतल्या वॉटर स्की संघटनेनं मान्य केला तो 1966 साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. मला हे फार उशिराचं वाटतं.

इंजिन तेच ठेवून उठण्याचा जोर वाढवायचा तर पहिला हात पंख्याला लावावा. पंख्यावर दोन आकडे असतात, दोन्ही इंचांत: पहिला व्यास, दुसरा पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदोपत्री किती पुढे जाईल ते अंतर. पिच जास्त असला तर वरचा वेग चांगला मिळतो, पण उठताना इंजिन दमतं. पिच एक इंचानं कमी केला की पूर्ण थ्रॉटलला मिनिटाचे फेरे साधारण दीडशे-दोनशेनं वाढतात. समजा इंजिनाची पूर्ण थ्रॉटलची मर्यादा 5,000 ते 6,000 फेरे आहे, आणि 13 पिचचा पंखा लावून, ट्यूब जोडल्यावर काटा 4,700 च्या वर जात नाही. मग 11 पिचचा पंखा लावून बघावा. काटा पाच हजारांच्या वर जाईल आणि बोट लवकर उचलेल. मात्र हाच पंखा लावून बोट रिकामी पळवली तर फेरे वरच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतात, तेव्हा थ्रॉटल आवरायला हवा.

पंखा बदलायचं काम अर्ध्या तासाचं, पण ते करताना बऱ्याच गोष्टी कळतात. आधी बॅटरीची जोडणी काढायची, किल स्विचची दोरी काढायची, गिअर न्यूट्रलला. पंख्याच्या पात्यात आणि वरच्या आडव्या पत्र्यात लाकडाचा ठोकळा अडकवायचा म्हणजे पंखा फिरत नाही. मग स्प्लिट पिनचे पाय सरळ करून पिन ओढायची, नट सोडवायचा, पंखा सरळ मागे ओढायचा. आता दांड्याच्या मुळाशी बघा. कोकणात तिथे हमखास जाळ्याचा नायलॉनचा धागा गुंडाळलेला सापडतो. उष्णतेनं तो वितळून घट्ट बसतो आणि सील कापतो. मग गिअरच्या तेलात पाणी शिरून तेल दुधाळ होतं. धागा पूर्ण काढायचा. पंख्याच्या मधल्या रबरी बुशवरही नजर टाकायची. ते झिजलं असेल तर ओढताना इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट हलत नाही. माणसं उगाच क्लचला किंवा पंख्याच्या पात्यांना दोष देतात. दांड्याला वॉटरप्रूफ ग्रीस लावून पंखा चढवायचा, आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी घालायची.

यानंतर वजन. पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर हे सगळं बहुतेक बोटींत मागेच असतं, कारण मागे जागा असते. त्यातलं जे पुढे नेता येईल ते पुढे न्यावं. नाळ कमी उठते आणि बोट लवकर समतल होते. सुटताना इंजिनाचा ट्रिम, म्हणजे त्याचा कल, पूर्ण आत घ्यायचा. इंजिन फळीवर फार वर बसवलं असेल तर वळणावर पंखा हवा ओढतो आणि पकड सुटते. आउटबोर्डच्या पंख्यावरचा तो आडवा पत्रा बोटीच्या तळाच्या रेषेत, फार तर थोडा वर असावा.

दोर बांधायची जागा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. किनाऱ्याला बोट बांधायच्या खुंटीला दोर अडकवलेला मी अनेकदा पाहिलाय आणि दर वेळी अस्वस्थ होतो. ट्यूब लाटेत रुतली की दोराला बसणारा झटका माणसांच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. त्यासाठी मागच्या फळीच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे डोळे हवेत, आरपार बोल्टनं बसवलेले, आतून जाड पट्टी लावून. फायबरच्या फळीच्या पोटात बहुधा प्लायवुड असतं. भोकाच्या कडा सीलंटनं नीट बंद केल्या नाहीत तर पाणी आत मुरतं, प्लाय कुजतं आणि एक दिवस डोळा बोल्टसकट उपटून येतो.

दोर एकाच डोळ्याला बांधला तर बोट सतत एका बाजूला ओढली जाते आणि सुकाणू धरणाऱ्याचा हात दुखतो. म्हणून दोन्ही डोळ्यांत आखूड दोराचा लगाम घालतात, त्यावर एक पुली फिरते आणि मुख्य दोर पुलीला जोडतात. स्कीअर डावीकडे गेला की पुली डावीकडे सरकते, ओढ दोन्ही डोळ्यांत वाटली जाते. पुलीजवळ एक फ्लोट असतो, दोर ढिला पडला की तो पंख्यात जाऊ नये म्हणून. लगाम बसवल्यावर इंजिन दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं. कुठेही घासता कामा नये. काही जण इंजिनावरून स्टीलच्या पाइपची कमान बसवतात. स्कीसाठी ती छान. पण ट्यूबची ओढ अशा उंच जागी आली तर हलकी बोट वळणावर कलते. ट्यूब खालूनच ओढावी.

स्कीचा दोर आणि ट्यूबचा दोर वेगळा. स्कीचा नेहमीचा दोर हँडलसकट 75 फुटांचा. ट्यूबसाठी अमेरिकेतल्या वॉटर स्पोर्ट्स इंडस्ट्री असोसिएशनची शिफारस आहे: एका माणसासाठी 1,500 पौंड ताण सहन करणारा, दोघांसाठी 2,375, तिघांसाठी 3,350, चौघांसाठी 4,100, लांबी 50 ते 65 फूट. दोर तरंगणारा हवा. जेट्टीवर वापरतात तो नायलॉनचा दोर कधीही घेऊ नये. तो बुडतो, शिवाय खूप ताणतो आणि तुटला तर सरळ बोटीतल्या माणसांच्या अंगावर येतो. तरंगणाऱ्या दोरालाही कोकणातलं ऊन खातं. हातात घेतल्यावर पांढरी भुकटी लागली किंवा धागे उसवलेले दिसले, तर तो दोर कापून टाकावा, नाहीतर उद्या दुसरं कुणी तो उचलून वापरतं.

वेगाच्या बाबतीत ट्यूब फसवी असते. नवा स्कीअर ताशी 35-40 किलोमीटरला आरामात चालतो आणि नको झालं तर हँडल सोडतो. ट्यूबवरच्या माणसाच्या हातात काहीच नसतं. ट्यूबला ना सुकाणू, ना कडा. बोट वळली की ती बाहेर फेकली जाते, आणि दोर ताणला गेला की बोटीपेक्षा जास्त वेगानं सुटते. चालवणारा काटा बघून म्हणतो 30, पण ट्यूब तेव्हा त्याहून बरीच पुढे असते. लहान मुलं असतील तर 15 ते 20 पुरे. फेरीच्या शेवटी केळं मुद्दाम उलटवायची पद्धत आपल्याकडे आहे. बसण्याआधी प्रत्येकाला विचारल्याशिवाय आणि खोल पाण्याची खात्री असल्याशिवाय ते करणं मला अजिबात मान्य नाही. 2006 साली अमेरिकेत हवेत उडणारी एक ट्यूब मृत्यूंनंतर बाजारातून परत मागवावी लागली होती. वेग आणि वारा जमले की ट्यूब काय करू शकते हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

मागे तोंड करून बसणारा माणूस म्हणूनच लागतो. चालवणाऱ्यानं पुढे बघायचं, यानं मागे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असा माणूस किंवा मोठा आरसा कायद्यानं सक्तीचा आहे. खुणा ठरलेल्या: अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, डोक्यावर थाप म्हणजे किनाऱ्याला चल, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबव. पडल्यावर हात वर करून दाखवला तर ठीक आहे. हात वर आला नाही तर ताबडतोब वळायचं.

वळून येताना पडलेला माणूस चालवणाऱ्याच्या बाजूला दिसत राहिला पाहिजे. बोट त्याच्या वाऱ्याकडच्या अंगाला थांबवायची नाही. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा प्रवाह दोघांनाही सारखाच वाहून नेतो, पण वारा बोटीला जास्त ढकलतो आणि ती त्याच्या अंगावर जाते. त्याच्या खालच्या बाजूनं, वाऱ्याकडे तोंड करून यायचं आणि जवळ आल्यावर इंजिन पूर्ण बंद करायचं. न्यूट्रलवर भरवसा नको, कारण पंखा न्यूट्रलमध्येही थोडा फिरू शकतो. माणूस शिडीवरून आत येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही.

हे सगळं झालं की पर्यटक घेण्याआधी बोटीची चाचणी घ्यावी. आधी रिकामी पळवायची, मग दोन माणसं घेऊन, मग ट्यूब जोडून; प्रत्येक वेळी पूर्ण थ्रॉटलचे फेरे आणि उचलायला लागलेले सेकंद वहीत लिहायचे. सकाळी आणि दुपारच्या वाऱ्यात वेगवेगळे. ओढायचा पंखा आणि एरवीचा पंखा असे दोन ठेवावेत, आणि बोटीत नेहमी एक जास्तीचा नट, दोन-तीन स्प्लिट पिना, पाना आणि लाकडाचा तो ठोकळा. संध्याकाळी इंजिन गोड्या पाण्यावर चालवून मीठ आणि वाळू काढायची. मग इंजिन बंद करून दांड्यामागे हाताचं बोट फिरवून बघायचं, नवा धागा गुंडाळलाय का.